आईला चारच मराठी चॅनेल बघायचे, तर बिल ३५४ रुपये का येतं?

ताई, तुमचा प्रश्न असा की आई गावी एकट्या असतात, संध्याकाळी सात ते साडेदहा चार मराठी चॅनेल लावतात, बाकी टीव्हीला हात लावत नाहीत, तरी केबलचं बिल महिन्याला ३५४ येतं आणि केबलवाला म्हणतो "पॅकच घ्यावं लागतं, सुटे चॅनेल मिळत नाहीत". वर तुमचा न्यू जर्सीतला भाऊ म्हणतो तिकडे अँटेना लावला की लोकल चॅनेल फुकट दिसतात, मग आपल्याकडे का नाही. मी कराडच्या बाजूला १९९८ पासून केबलचं काम करतो, खांबावर चढण्यापासून वसुलीपर्यंत सगळं केलंय, त्यामुळे हे उत्तर जरा लांब होणार, पण हिशेबासकट देतो म्हणजे तुम्हाला तिकडे जाऊन नीट बोलता येईल.

पहिली गोष्ट, सुटे चॅनेल मिळतात. मिळायलाच पाहिजेत, तो नियम आहे. ट्रायने, म्हणजे टेलिफोन आणि टीव्हीचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, मार्च २०१७ मध्ये टॅरिफ ऑर्डर म्हणजे दरांचा आदेश काढला, त्यावर ब्रॉडकास्टर, म्हणजे चॅनेल चालवणाऱ्या कंपन्या, कोर्टात गेले, मद्रास हायकोर्टातून सुप्रीम कोर्टात प्रकरण गेलं आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ट्रायचा अधिकार मान्य केला, मग २०१९ च्या सुरुवातीला हे सगळं प्रत्यक्षात आलं. तेव्हापासून प्रत्येक पे, म्हणजे पैशाच्या, चॅनेलची छापील किंमत असते, ग्राहकाला एकेक चॅनेल निवडून घेता येतो, आणि कुठलाही ऑपरेटर "सुटा देत नाही" असं म्हणू शकत नाही. तरी म्हणतो, ते का म्हणतो ते पुढे सांगतो.

आता बिल कसं बनतं ते बघा. त्यात तीन गोष्टी असतात, एक नेटवर्क कपॅसिटी फी म्हणजे आम्ही ज्याला एनसीएफ म्हणतो, दुसरं पे चॅनेलचे पैसे, तिसरं या दोन्हीवर १८ टक्के जीएसटी. एनसीएफ म्हणजे तारेचं, बॉक्सपर्यंत सिग्नल आणून देण्याचं भाडं, चॅनेलच्या किमतीचा त्यात काही संबंध नाही. २०१९ ला ते १०० चॅनेलसाठी जास्तीत जास्त १३० होतं, म्हणजे जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे, तो आकडा बऱ्याच लोकांच्या अजून डोक्यात आहे. २०२० च्या दुरुस्तीत त्याच १३० मध्ये २०० चॅनेल आले आणि दूरदर्शनचे सक्तीचे चॅनेल त्या मोजणीतून बाहेर काढले. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ही मर्यादाच उठवली, आता एनसीएफ किती लावायचं ते कंपनी ठरवते, फक्त जाहीर करावं लागतं. म्हणून तुमच्या गावात आणि शेजारच्या गावात आकडा वेगळा असू शकतो. मी खाली १३० धरूनच हिशेब करतो.

समजा आईंचे चार चॅनेल १९, १९, १२ आणि ५ रुपयांचे आहेत (हे रेट उदाहरणादाखल, ते बदलत राहतात, खरा रेट टीव्हीवरच्या गाईडमध्ये चॅनेलच्या नावासमोर दिसतो). झाले ५५. अधिक १३०, म्हणजे १८५. त्यावर जीएसटी ३३ रुपये ३०. एकूण २१८ रुपये ३० पैसे. तुमच्याकडून घेतात ३५४, म्हणजे ३०० अधिक जीएसटी ५४. फरक १३५ रुपये ७० पैशांचा, महिन्याला, वर्षाचे सोळाशेच्या वर.

लोकांना वाटतं हा फरक केबलवाल्याच्या खिशात जातो. वसुलीला गेलो की दारात हेच ऐकायला मिळतं. पे चॅनेलच्या किमतीतले ८० टक्के ब्रॉडकास्टरला जातात, २० टक्के वितरणाचे. ते २० टक्के आणि एनसीएफ हे दोन्ही वरची मोठी केबल कंपनी, म्हणजे एमएसओ, आणि आमच्यासारखा गल्लीतला ऑपरेटर यांच्यात वाटले जातात. आपसात वेगळं ठरलं नसेल तर ट्रायच्या नमुना करारात ५५ टक्के एमएसओचे, ४५ टक्के ऑपरेटरचे. आता चार चॅनेलच्या बिलात मला मिळतात एनसीएफचे ५८ रुपये ५० आणि चॅनेलचे ४ रुपये ९५, म्हणजे ६३ रुपये ४५ पैसे. आणि ३०० च्या पॅकमध्ये, १३० एनसीएफ आणि १७० चॅनेलचे धरले तर, मला मिळतात ७३ रुपये ८० पैसे. म्हणजे तुमचं बिल १३५ ने वाढलं, त्यातले माझे वाढले १० रुपये ३५ पैसे. एमएसओचे १२ रुपये ६५ वाढले, सरकारचे २० रुपये ७० वाढले, आणि ब्रॉडकास्टरचे ९२. पॅकमध्ये कंपन्यांच्या सवलती असतात त्यामुळे पैसा-पैसा जुळणार नाही, पण पैसा कुठल्या दिशेला वाहतो ते यातून कळेल. याच पैशातून मी लाइनमनचा पगार काढतो, पावसाळ्यात वीज पडून जळालेले नोड, म्हणजे सिग्नल पुढे पाठवणारे डबे, बदलतो, विजेचं बिल भरतो.

मग केबलवाला पॅकच का गळ्यात मारतो? कारण पॅक म्हणजे एका क्लिकचं काम. एमएसओच्या पोर्टलवर बॉक्सचा नंबर टाकला, तयार पॅक निवडलं, झालं. सुटे चॅनेल म्हणजे प्रत्येक घराची वेगळी यादी, आणि त्याहून मोठी भीती फोनची. एखाद्या घरी सुटे चॅनेल करून दिले की आठ दिवसांनी नातू येतो, कार्टून दिसत नाही म्हणून फोन, जावई आला की मॅच दिसत नाही म्हणून फोन, आणि प्रत्येक वेळी "तुम्ही चॅनेल काढला" असा आरोप. दोनशे-तीनशे घरं एकटा सांभाळणारा माणूस हे टाळतो. मी त्याची बाजू घेत नाहीये, ग्राहकाला नाही म्हणणं चूकच, पण कारण हे आहे.

वरच्या पातळीवरचं कारण मात्र वेगळं आहे आणि खरं दुखणं तिथे आहे. ब्रॉडकास्टरकडे दहा-पंधरा चॅनेल असतात, त्यातला चालणारा एखाद-दुसरा. आपल्या भागात तो चालणारा म्हणजे मराठी मालिकांचा चॅनेल. कराड, पाटण, खटाव कुठेही जा, संध्याकाळी कुठल्याही घरात झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी, सोनी मराठी यातलंच काहीतरी लागलेलं असतं, मराठी चॅनेल गेला तर माणूस कनेक्शन तोडतो, इंग्रजी सिनेमाचा चॅनेल गेला तर आठ दिवस कळतही नाही. म्हणून त्या एका चॅनेलची सुटी किंमत कमाल मर्यादेला नेऊन ठेवायची. ती मर्यादा १९ रुपये, म्हणजे १९ पेक्षा महाग चॅनेल असेल तर तो बुकेमध्ये, म्हणजे ब्रॉडकास्टर स्वतःच्या चॅनेलचा जो एकत्र गठ्ठा विकतो त्यात, घालता येत नाही, म्हणून २०१९ ला स्टार प्लस, झी टीव्ही, सोनी, कलर्स सगळे बरोब्बर १९ ला येऊन उभे राहिले. आता दोन आवडते चॅनेल सुटे घेतले तर ३८. त्याच कंपनीचा बुके समजा ३९, त्यात ते दोन आणि वर दहा. ग्राहक म्हणणार एक रुपयात दहा चॅनेल मिळतायत, सोडायचे कशाला. आणि हे नियमात बसतं, कारण सुट्या किमतींच्या बेरजेवर ४५ टक्क्यांपर्यंत सूट देता येते, दोघांचे ३८ आणि बाकी दहांचे मिळून ३० धरले तर बेरीज ६८, त्यावर ४५ टक्के सूट म्हणजे ३७ रुपये ४० पैशांपर्यंत खाली येता येतं.

ते दहा चॅनेल कुणी बघत नसलं तरी ते घराघरात पोचलेत हे दाखवून जाहिरात मिळते, म्हणून ते जवळजवळ फुकट द्यायलाही कंपनी तयार असते. एका कंपनीचा ३९ चा बुके म्हटलं तर स्वस्तच वाटतो, पण मराठी मालिका वेगवेगळ्या कंपन्यांच्या चॅनेलवर वाटल्या गेल्यात, आईला ते सगळे लागतात, म्हणून त्या सगळ्यांचे बुके आले, एवढे बुके म्हटले की स्पोर्ट्स आला, इंग्रजी आला, लहान मुलांचे आले, हिंदी सिनेमाचे पाच आले. घरात एकटी बाई, तिला मराठीतलं काहीतरी बघायचंय, आणि तिच्या त्या एका गरजेच्या जोरावर अख्खा ट्रक तिच्या दारात उतरवतात. हे मला मनापासून खटकतं.

ट्रायला हे कळत नव्हतं असं नाही. जानेवारी २०२० मध्ये त्यांनी १९ ची मर्यादा १२ वर आणली आणि सुट्या किमती आणि बुकेची किंमत यांचं प्रमाण बांधून दिलं. ब्रॉडकास्टर मुंबई हायकोर्टात गेले, जून २०२१ मध्ये कोर्टाने बहुतेक नियम कायम ठेवले, एक अट रद्द केली. तर ब्रॉडकास्टरनी काय केलं, १२ च्या आत किंमत आणण्याऐवजी चालणारे चॅनेलच बुकेतून बाहेर काढून त्यांची सुटी किंमत वाढवायची यादी जाहीर केली. म्हणजे ज्याला तोच चॅनेल हवाय त्याला बुके अधिक सुटा असा दुहेरी भुर्दंड. शेवटी नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्रायने मर्यादा परत १९ केली आणि सवलतीला ४५ टक्क्यांची वेसण घातली. जुलै २०२४ पासून एमएसओ आणि डीटीएचवाल्यांनाही स्वतःच्या पॅकवर ४५ टक्क्यांपर्यंत सूट देता येते, आधी ती १५ होती. म्हणून आज कधी कधी कंपनीचं तयार "मराठी पॅक" सुट्या चॅनेलपेक्षा खरंच स्वस्त पडतं, दोन्ही बेरजा करून बघायच्या, आंधळेपणाने सुटेच घ्या असं मी म्हणणार नाही.

या सगळ्यात मधल्यामध्ये कोण भरडलं जातं ते मी दोनदा पाहिलंय. २०१९ च्या जानेवारी-फेब्रुवारीत आम्ही घरोघरी फॉर्म घेऊन फिरत होतो, दोन्ही बाजूंनी छापलेला कागद, बारीक अक्षरात शेकडो चॅनेल आणि रेट, त्यावर टिक करायची. आमच्या पेठेतल्या एका आजींना अक्षर दिसेना, त्यांनी मला बाजूला बसवलं आणि म्हणाल्या "नंबर नको सांगू, मी कार्यक्रम सांगते तू चॅनेल लाव". त्या कार्यक्रम सांगत गेल्या, मी टिक करत गेलो, सहा चॅनेल झाले. मग मी विचारलं भजन-कीर्तनाचं काही, तर म्हणाल्या सह्याद्री दिसेल ना, मग पुरे. सह्याद्रीला पैसे लागत नाहीत हे सांगितलं तर त्यांना खरंच वाटेना. त्यांचं बिल तेव्हा आमच्या भागातलं सगळ्यात कमी बिलांपैकी होतं आणि वर्षभर त्यांनी एकदाही तक्रार केली नाही, कारण जे हवं ते सगळं दिसत होतं.

दुसरी वेळ फेब्रुवारी २०२३. नवीन रेटवर केबल कंपन्यांनी सह्या केल्या नाहीत म्हणून मोठ्या ब्रॉडकास्टरनी केबलचे सिग्नल बंद केले. शनिवारी दुपारी माझा फोन वाजायला लागला तो रात्री साडेअकरापर्यंत थांबला नाही. डीटीएचवर दिसतंय आणि केबलवर काळा पडदा, आणि लोकांनी महिन्याचे पैसे आधी भरलेले. पाच-सहा दिवसांत मिटलं, पण तेवढ्यात माझी चाळीसएक कनेक्शन गेली, ती परत आली नाहीत. भांडण दिल्ली-मुंबईच्या ऑफिसांत, आणि दारात उत्तर द्यायला मी.

आता तुमच्या भावाचा प्रश्न. अमेरिकेत बहुतेक मोठ्या शहरांची स्वतःची टीव्ही स्टेशनं असतात आणि ती हवेतून फुकट येतात, अँटेना लावला की दिसतं, हे बरोबर आहे. पण तेच स्टेशन केबलवरून घेतलं की फुकट नाही. १९९२ च्या तिथल्या केबल कायद्याने स्टेशनला दर तीन वर्षांनी दोन पर्याय दिले, एकतर "मला दाखवायलाच हवं" म्हणायचं, पण मग पैसे नाहीत, किंवा "माझी परवानगी लागेल" म्हणायचं आणि परवानगीचे पैसे मागायचे. मोठी स्टेशनं अर्थातच पैसे मागतात, आणि केबल कंपन्या ते "ब्रॉडकास्ट टीव्ही फी" अशा नावाने बिलात वेगळी ओळ करून लावतात. भावाला त्याचं बिल काढून बघायला सांगा, केबल असेल तर ती ओळ बहुतेक सापडेल. तिकडेही स्टेशन आणि केबल कंपनीचं फाटलं की ऐन मॅचच्या वेळी पडदा काळा होतो.

आपल्याकडे खाजगी कंपन्यांना जमिनीवरून टीव्हीचं प्रक्षेपण कधी दिलंच नाही, ते फक्त दूरदर्शनकडे होतं, आणि दूरदर्शननेही जुने अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर बहुतेक सगळे बंद केले, त्यामुळे गच्चीवर जुना काड्यांचा अँटेना लावून उपयोग नाही. आपल्याकडे "फुकट लोकल चॅनेल" म्हणजे दोन गोष्टी. एक, १९९५ च्या केबल कायद्यानुसार दूरदर्शनचे ठरावीक चॅनेल प्रत्येक केबलवाल्याला दाखवावेच लागतात आणि त्याचे पैसे घेता येत नाहीत, सह्याद्री त्यात आला. दुसरं डीडी फ्री डिश, २००४ पासून आहे, छत्री आणि बॉक्सचा एकदाच खर्च, महिन्याचं बिल शून्य. त्यावर सह्याद्री आहेच, शिवाय खाजगी चॅनेल लिलावात जागा विकत घेऊन येतात, त्यात मराठीही असतात, पण लिलावानुसार यादी बदलते, आणि आईंच्या मालिका ज्या पे चॅनेलवर आहेत ते चॅनेल तिथे मिळत नाहीत. आईंना सह्याद्री, बातम्या आणि जुने सिनेमे पुरत असतील तर फ्री डिशसारखं काही नाही, मी स्वतः काही घरांना तेच लावा म्हणून सांगितलंय, माझं कनेक्शन गेलं तरी.

यात एक गोष्ट लोकांना कळत नाही म्हणून लिहितो. भारताची मॅच फ्री डिशवर दूरदर्शनच्या चॅनेलवर दिसते आणि त्याच वेळी केबलवर त्याच दूरदर्शनच्या चॅनेलवर दुसरंच काहीतरी चालू असतं, तेव्हा शिव्या आम्हाला पडतात. २००७ च्या कायद्याने महत्त्वाच्या मॅचचा सिग्नल प्रसार भारतीला द्यावा लागतो, पण २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तो सिग्नल दूरदर्शनने फक्त स्वतःच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणावर आणि स्वतःच्या फ्री डिशवर दाखवायचा, खाजगी केबल-डीटीएचवर जाणाऱ्या फीडवर नाही. केबलवाल्याने काही दाबून ठेवलेलं नसतं.

आणि आमचं स्वतःचं गावचं लोकल चॅनेल, ते तर कुठल्याच दराच्या यादीत नसतं. ग्रामदैवताची यात्रा, गणपती विसर्जनाची मिरवणूक, नगरपालिकेच्या निवडणुकीची मतमोजणी, दहावीच्या पोरांचे सत्कार, हे आम्ही दाखवतो, त्याला सरकारी भाषेत प्लॅटफॉर्म सर्व्हिस म्हणतात, नोंदणीला चॅनेलमागे एक हजार रुपये आणि एकूण चॅनेल क्षमतेच्या पाच टक्क्यांपर्यंतच असे चॅनेल चालवता येतात. गावातल्या दुकानांच्या जाहिरातींवर ते चालतं, ग्राहकाला त्याचे वेगळे पैसे नाहीत. आमचं चॅनेल तुम्हाला डीटीएचवर मिळणार नाही. डीटीएचला जायचं ठरवलंत तर आईंना हे आधी विचारा, आमच्याकडे सोडून गेलेली दोन-तीन घरं केवळ यात्रेची पालखी घरी बसून दिसेना म्हणून परत आली. गुडघे दुखतात, देवळापर्यंत जाणं होत नाही अशा माणसाला ती पालखी टीव्हीवर दिसणं किती मोठं असतं हे मी त्यांच्या घरात बसून पाहिलंय.

आता तुम्ही काय करायचं ते सांगतो. पुढच्या वेळी गावी गेलात की एक संध्याकाळ आईंबरोबर टीव्हीसमोर बसा, साडेसहा ते अकरा, आणि त्या काय काय लावतात ते कागदावर लिहा, नुसतं तोंडी विचारू नका, कारण त्या चार म्हणतील आणि निघतील सहा, सकाळचा भक्तिसंगीताचा एखादा आणि दुपारी सिनेमाचा एखादा हमखास राहतो. मग प्रत्येकासमोर गाईडमधला रेट लिहा. रेट दिसत नसेल तर तो चॅनेल बहुतेक फ्री टू एअर आहे, त्याला पैसे नाहीत. त्याच चॅनेलचं एचडी आणि एसडी दोन्ही चालू आहेत का बघा, मी आजवर उघडलेल्या अर्ध्याअधिक बिलांत एचडी नंतर घेतलेलं आणि जुनं एसडी काढायचं राहून गेलेलं सापडलंय, आणि आईंचा टीव्ही जुना असेल तर एचडीचा फायदा मुळातच नाही. घरात दुसरा टीव्ही बंद पडून असेल आणि त्याचा बॉक्स चालू असेल तर तो आधी बंद करून घ्या, त्याचंही बिल लागत असतं.

मग बॉक्सच्या मागचा नंबर आणि ती यादी घेऊन केबलवाल्याकडे जा आणि म्हणा "दादा, हे सुटे लावले तर किती, आणि यांच्यासकट तुमचं सगळ्यात लहान मराठी पॅक कितीचं, दोन्ही लिहून द्या, एनसीएफ वेगळं दाखवा". भांडायला जाऊ नका, तो गावचा माणूस आहे, आईंचा रिमोट बिघडला तर रात्री तोच येणार आहे. "सुटे मिळत नाहीत" असंच धरून बसला तर त्याच्या वरच्या कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून तक्रार नंबर घ्या, बॉक्सवर ९९९ नंबरच्या चॅनेलला तो फोन नंबर असतो. तक्रार नंबर घेतला म्हटल्यावर बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी काम होतं. बदल रिचार्जची तारीख संपायच्या दोन-तीन दिवस आधी सांगा, मध्येच केलात तर उरलेल्या दिवसांचे पैसे कसे धरले यावरून घोळ होतो.

आणि चॅनेल काढण्याआधी आईंना सांगून ठेवा. उद्यापासून दोनशे नंबर दाबले तरी काळं दिसेल, टीव्ही बिघडलेला नाही, एवढं त्यांच्या कानावर घाला, आणि लागणारे सहा नंबर मोठ्या अक्षरात लिहून रिमोटजवळ चिकटवा. बेरीज करून काय आकडा आला तो इथे लिहा, तुमच्या केबलवाल्याने दिलेला कागद वाचून मी सांगेन कुठली ओळ जास्तीची आहे.